ओल्या लुगड्यावरचं बी

किती काळ लोटला ते डोंगरालाच ठाऊक. फार वर्षांपूर्वी घाटमाथ्यावरच्या कातळमाळ नावाच्या वाडीत येसाई राहायची, असं म्हणतात. तोंडाची फटकळ, पण मनाची मायाळू. तिला भागी नावाची एकुलती एक लेक होती, ती बाळंतपणाला माहेरी आलेली.

त्या साली पाऊस आला आणि आल्या पावली परत गेला. परसातली भाजी करपली, रानातला पाला करपला. कणगीत जुनी नाचणी होती म्हणून उपाशी कुणी मेलं नाही, पण नुसत्या कोरड्या भाकरीवर माणूस किती दिवस काढणार? लोकांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, पाय सुजले, दात हलायला लागले. अंगारे लावून झाले, देवीला कोंबडं देऊन झालं. कोंबडं तेवढं खाणाऱ्यांना पावलं, गुण काही आला नाही. भागीने तर अंथरूण धरलं, आणि येसाईच्या तोंडचं पाणी पळालं.

हिरवं असं एकाच ठिकाणी उरलं होतं, कपारीतल्या झऱ्यापाशी. तिथे वीतभर उंचीची एक कडू भाजी उगवायची. बारीक गोल पानं, पांढरी फुलं. शेळ्यांशिवाय तिला कुणी विचारत नसे. येसाईने एक पान स्वतः चावलं, एक दिवस वाट पाहिली, आणि मग रोज थोडी पानं भागीला चारली. आठ दिवसांत भागीच्या हिरड्यांचं रक्त थांबलं.

अशी गोष्ट लपते होय? दुसऱ्या दिवशी सगळी वाडी विळे घेऊन झऱ्यावर हजर! येसाई हात पसरून आडवी उभी राहिली.

"उपटून न्याल तर आज खाल. उद्या काय कातळ चाटाल?"

तिने कायदाच घालून दिला. माणशी रोज एक पान, तेही बुडाचं. मधल्या गाभ्याला हात लावायचा नाही. मग ती तिथेच मुक्कामाला राहिली. ओंजळीने पाणी घालायची, उन्हाला पळसाची पानं आडवी लावायची, गोगलगायी वेचायची, शेळ्या हाकायची. तिने पाठ वळवली की खुडलेल्या जागी नवं पान फुटलेलं असायचं, असं म्हणतात.

भागी एकदा काकुळतीला येऊन म्हणाली, "आयं, मी दोन जिवांची हाय. मला आनिक येक पान दे ना."

येसाईचा जीव तुटला. पण ती म्हणाली, "सगळ्या वाडीलाच आनिक येक पायजे, बाय." आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

पुढे शेंगा धरल्या. ऊन तापलं की भाजी वाळणार, हे उघड होतं. बी हाती आलं नाही तर पुढच्या साली काय? वाडीतले जाणते धावजीबाबा म्हणाले, "त्यात काय? कापा अन् खळ्यावर न्या. नाचनीवानी झोडपू." येसाईलाही ते पटलं, तिचा जन्म नाचणी झोडपण्यातच गेला होता. त्यांनी अर्धा ताटवा कापला. पण या भाजीच्या शेंगेला हात लागला की ती तटकन फुटते, आणि बी चार हात लांब उडतं. खळ्यावर पोहोचली ती नुसती रिकामी टरफलं. ती बघून येसाई हमसून हमसून रडली.

घरी येऊन तिने लुगडं सोडलं, तर झऱ्यात भिजलेल्या काठाला मोहरीहून बारीक दाणे चिकटलेले! बी उडालं होतं, पण ओल्यावर बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या वाडीला झऱ्यात बुडी मारायला लावली आणि तसंच निथळत उरलेल्या ताटव्याभोवती उभं केलं. मग एका शेंगेला बोट लावलं. एकीने दुसरी उडवली, दुसरीने दहावी. टिपऱ्या वाजाव्यात तसा आवाज कपारीत घुमला. सगळी माणसं नखशिखान्त बियांनी भरली, आणि ज्याने त्याने आपापलं बी आपल्या दारातल्या मोरीपाशी झाडलं. पुढच्या हिवाळ्यात घरोघरी ती भाजी उगवली. तोवर भागीचा मुलगा रांगत होता.

पहिली भाजी शिजली, तेव्हा वाडीने येसाईला मानाने पाटावर बसवलं. ती घास घेऊन नुसती बसून राहिली. भागी म्हणाली, "आयं, खा की." येसाई हसली, आणि तेव्हा कुठे सगळ्यांना दिसलं की तिच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. चावून पाहिलेल्या त्या एका पानानंतर तिने दुसरं खाल्लंच नव्हतं. भागी उठली, तिने भाजी पुन्हा चुलीवर चढवली आणि पार लोण्यासारखी मऊ होईतो शिजवली.

कातळमाळात अजून तसंच करतात. शेंगा पिकल्या की सगळे ओलेत्याने झऱ्यावर जातात. आणि नव्या हंगामाची पहिली भाजी मऊ गिच्च शिजवून, वाडीत ज्याच्या तोंडात दात नाहीत त्याच्या पुढ्यात ठेवतात. त्याचं पोट भरल्याशिवाय तिथे दुसरं कुणी पान खुडत नाही.