मिशनची खुर्ची

“पण मुलीला विचारतं कोण, आजोबा?”

विचारणारा सायलस, मिशनच्या शाळेचा मास्तर. नायजर नदीकाठच्या त्या गावात आज त्याचंच लग्न होतं. चर्चमधलं रविवारी, आज गावरीतीचं. मिशनमधून खास खुर्ची आणवून तो मांडवात सगळ्यांच्या पुढे बसला होता, टोपी-बूट चढवून. दर्शनी फळीवर माल मांडावा तसा.

“चर्चमध्ये पाद्रीबाबा तिला विचारतात, हा नवरा पसंत का? तुमच्यात ते नाही.”

नवरीचे आजोबा मादुका हसले. “तेव्हा तिच्यासमोर पुरुष किती असतात रे?”

“एकच. मी.”

“म्हणजे मंडईत एकच कंद मांडायचा, वर बाईला म्हणायचं, निवड!”

सायलसनं टोपी सावरली.

“ऊठ. टोपी दे इकडे. बूट काढ. जा, मागे गड्यांत मांडी घालून बस.”

“मग मी तिला दिसणार कसा?”

आजोबांनी टोपी घातली आणि स्वतःच खुर्चीत बसले.

नवरी अडाकू आली. हातात ताडीनं भरलेली भोपळ्याची वाटी. ज्याच्यापुढे गुडघे टेकून ती वाटी देईल, तो नवरा. कुणालाच न देता परत फिरली, तर लग्न मोडलं. तिथे बापाचंही चालत नाही.

“इकडे गं!”

“मास्तर पळाला! आता मीच आहे!”

“माझे दात तरी बघ!”

चहूकडून हात पुढे आले. ती खुर्चीपाशी थांबली, टोपीखाली डोकावली.

“अगबाई, म्हातारे झालात की हो, मास्तर!”

मांडव हसून लोटपोट. मागे सायलस मात्र गड्यांच्या खांद्यांवरून मान उंचावून बघत होता. एका उंच गड्यापुढे ती रेंगाळली. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानाशी थबकलं की वाण्याचा जीव जसा खालीवर होतो, तसा सायलसचा झाला.

मग ती घराकडे वळली...

हात पुढे करायचंही त्याला सुचेना.

दोन पावलं गेली, आणि गर्रकन फिरून, गर्दीतून वाट काढत, थेट त्याच्यापुढे तिनं गुडघे टेकले. एक घोट घेतला. वाटी पुढे केली.

मिशनमध्ये ताडी वर्ज्य. शाळेत मास्तरच तसं शिकवायचा. त्यानं दोन्ही हातांनी वाटी धरली आणि तळ दिसेपर्यंत तोंडापासून काढली नाही.

ढोल असे कडाडले की नदीपलीकडचे बगळे उडाले.

तिचा हात धरून, अनवाणी, सायलस खुर्चीपाशी आला. “आजोबा, टोपीशिवाय सापडलो! आणि आता रविवारी पाद्रीबाबा तिला विचारणार, हा पसंत का!”

मादुकांनी टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली.

“विचारू देत बिचाऱ्यांना. त्यांना अजून कळलेलं नाही ना, तिनं आजच निवडलंय ते...”