काळी मुंगी आणि टपटप ऑइल

एक होतं अंगण. अंगणात होती एक स्कूटर. निळी निळी. स्कूटर होती दिगूकाकाची.

स्कूटरच्या खाली होती फरशी. फरशीला होती फट. फटीत होतं एक घर. एवढंसं! ते होतं काळ्या मुंगीचं. घरात झोपली होती मुंगीची बाळं. पांढरी पांढरी, साबुदाण्याहून लहान.

काळी मुंगी कशी असते? गुणाची असते. काळी मुंगी चावत नाही. सगळ्यांना माहीत आहे.

त्या दिवशी होती खंडेनवमी. दसरा उद्यावर आला होता. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात. विळीला हळद, कोयत्याला कुंकू, पान्याला झेंडूचं फूल. आणि पूजा झाली की हत्यारांना सुट्टी!

सकाळीच दिगूकाका म्हणाला, "पूजेआधी स्कूटरचं ऑइल बदलतो. घरीच बदलतो. त्यात काय एवढं?"

त्यात खूप काही होतं! पण काका ऐकतो कुणाचं?

काकाने पाना घेतला. स्कूटरच्या पोटाखालचा नट काढला. जुनं ऑइल आलं भळभळ भळभळ. काळं काळं. काकाने ते कशात धरलं? परातीत. कणकेच्या परातीत! असं करतं का कुणी?

मग काकाने नट परत लावला. नुसता बोटांनी. म्हणाला, "पान्याने मग आवळू." आणि नवं ऑइल ओतलं. तेवढ्यात पूजेची वेळ झाली. काकाने पाना पुसला. पाटावर ठेवला. त्याला कुंकू लावलं, फूल वाहिलं, हात जोडले.

आणि नट? नट विसरला! धन्य त्या काकाची.

इकडे काळी मुंगी घरी येत होती. तुरु तुरु तुरु. तिच्याजवळ होता साखरेचा दाणा. बाळांसाठी आणलेला. मुंगी दारात आली, आणि वरून पडलं...

टप! दाणा झाला तेलकट.

टप! दार झालं चिकट.

टप! ऑइल निघालं घरात.

मुंगीला आला राग. असा राग, असा राग! तिने सगळे पाय आपटले. टिक टिक टिक टिक!

"माझा दाणा! माझं दार! आणि आत माझी बाळं! सोडणार नाही कुणाला!"

मुंगी ऑइलला म्हणाली, "ऑइल ऑइल, थांब."

ऑइल म्हणालं, "नाही थांबणार. मला वाट मिळाली, मी निघालो. नट अडवेल, तर थांबेन."

मुंगी चढली स्कूटरच्या पोटावर. तुरु तुरु तुरु. नट डुलत बसला होता. डुगडुग डुगडुग.

"नट नट, ऑइल अडव.
ऑइल काही थांबेना.
टप टप टप, बाळं माझी आत!
मला आलाय राग!"

नट म्हणाला, "नाही अडवणार. मी ढिला आहे. मला विसरलात ना? मग बसा! मलाही आलाय राग. पाना आवळेल, तर अडवीन."

मुंगीचे पाय रागाने लाल झाले.

मुंगी गेली देवघरात. तुरु तुरु तुरु. पाना पाटावर पडला होता. कपाळाला कुंकू, पोटावर फूल.

"पाना पाना, नट आवळ.
नट ऑइल अडवेना,
ऑइल काही थांबेना.
टप टप टप, बाळं माझी आत!
मला आलाय राग!"

पाना म्हणाला, "नाही आवळणार. आज माझी सुट्टी. वर्षातून एकच मिळते, आणि तीही तुम्हाला बघवत नाही? मलाही आलाय राग. काका उचलेल, तर आवळीन."

मुंगीचं पोट रागाने लाल झालं.

मुंगी गेली काकाकडे. तुरु तुरु तुरु. काका पलंगावर आडवा पडला होता. पोटात कावळे ओरडत होते, आणि तोंड फुगलं होतं.

"काका काका, पाना उचल.
पाना नट आवळेना,
नट ऑइल अडवेना,
ऑइल काही थांबेना.
टप टप टप, बाळं माझी आत!
मला आलाय राग!"

काका म्हणाला, "नाही उचलणार. खंडेनवमीला पूजेतला पाना उचलत नाहीत. आणि ऑइल गळतच नाही! मी बदललंय. मी स्वतः! काकू माझ्याशी बोलत नाही, जेवायला वाढत नाही. मलाही आलाय राग. काकू बोलेल, तर उचलीन."

गळत नाही म्हणे! उठून बघायला काय झालं होतं?

मुंगीचं डोकं रागाने लाल झालं.

मुंगी गेली स्वयंपाकघरात. तुरु तुरु तुरु. काकू भांडी आपटत होती. खण्ण! खण्ण! मुंगीने कान झाकून घेतले.

"काकू काकू, काकाशी बोल.
काका पाना उचलेना,
पाना नट आवळेना,
नट ऑइल अडवेना,
ऑइल काही थांबेना.
टप टप टप, बाळं माझी आत!
मला आलाय राग!"

काकू म्हणाली, "नाही बोलणार! माझ्या कणकेच्या परातीत ऑइल! विचारलं का मला? आता पोळ्या कशात करू, डोक्यावर? मलाही आलाय राग. परात चमकेल, तर बोलीन."

काकूचं खरंच होतं. पण बाळांचं काय?

मुंगी गेली मोरीत. तुरु तुरु तुरु. परात कोपऱ्यात उभी होती. काळी काळी, चिकट चिकट, भिंतीकडे तोंड करून.

"परात परात, चमक बघू.
काकू काकाशी बोलेना,
काका पाना उचलेना,
पाना नट आवळेना,
नट ऑइल अडवेना,
ऑइल काही थांबेना.
टप टप टप, बाळं माझी आत!
मला आलाय राग!"

परात म्हणाली, "नाही चमकणार. अशी काळी करून टाकली मला, आणि कुणी हातसुद्धा लावला नाही. मलाही आलाय राग. काथ्या घासेल, तर चमकेन."

मुंगीच्या मिशा रागाने लाल झाल्या.

मुंगी गेली काथ्या शोधायला. मोरीत नाही. ओट्यावर नाही. काथ्या कुठे? मागच्या पायरीवर! आणि काथ्यावर कोण? गलेलठ्ठ बोका! बोक्याने काथ्याला पंज्यांत घट्ट धरलं होतं.

"काथ्या काथ्या, परात घास.
परात काही चमकेना,
काकू काकाशी बोलेना,
काका पाना उचलेना,
पाना नट आवळेना,
नट ऑइल अडवेना,
ऑइल काही थांबेना.
टप टप टप, बाळं माझी आत!
मला आलाय राग!"

काथ्या बोक्याच्या पोटाखालून म्हणाला, "कसा घासू? माझा श्वास कोंडलाय! केस उपटले माझे! मलाही आलाय राग. बोका सोडेल, तर घाशीन."

मुंगी उभी राहिली बोक्यासमोर. एवढीशी मुंगी. केवढा बोका!

"बोक्या बोक्या, काथ्या सोड.
काथ्या परात घासेना,
परात काही चमकेना,
काकू काकाशी बोलेना,
काका पाना उचलेना,
पाना नट आवळेना,
नट ऑइल अडवेना,
ऑइल काही थांबेना.
टप टप टप, बाळं माझी आत!
मला आलाय राग!"

बोक्याने एक डोळा उघडला. म्हणाला, "नाही सोडणार. मी रोज स्कूटरच्या सीटवर झोपतो. आज काकाने मला हाकललं. 'हाड' म्हणाला! मला! मी काय कुत्रा आहे? मलाही आलाय राग. जा तू."

मुंगी म्हणाली, "सोड. नाहीतर चावेन."

बोका हसला. हॅ हॅ हॅ हॅ! "काळी मुंगी चावत नाही. सगळ्यांना माहीत आहे."

आणि बोक्याने डोळा मिटला.

तिकडे अंगणात टप टप टप. ऑइल फटीतून खाली उतरलं. बाळांच्या खोलीपाशी आलं. बाळं जागी झाली. "आई! ए आई!"

मुंगीने ते ऐकलं.

पाय लाल. पोट लाल. डोकं लाल. मिशा लाल. काळी मुंगी झाली लालेलाल! ती चढली बोक्याच्या शेपटीवर. तुरु तुरु तुरु. तोंड उघडलं, आणि...

कच्च!

"म्याऊऊऊ!" बोका उडाला. बोक्याने काथ्या सोडला.

काथ्याने परात घासली. खसखस खसखस.

परात चमकली. लख्ख!

काकू काकाशी बोलली. म्हणजे काय, ओरडलीच! "अहो, उठा आधी! पान्याला फूल वाहिलंत, आणि नट ढिलाच? ही कसली पूजा? मुंगीची बाळं आत आहेत. नट आवळा. तीच पूजा!"

काकाने पाना उचलला. फूल पडलं टुपकन.

पान्याने नट आवळला. कर्र कर्र कर्र.

नटाने ऑइल अडवलं.

ऑइल थांबलं. टप... टप... ट...

थांबलं!

काकूने सांडलेल्या ऑइलवर भुसा टाकला. भुशाने ऑइल पिऊन टाकलं. काकूने फडक्याने मुंगीचं दार पुसलं. मुंगी धावली आत. तुरु तुरु तुरु तुरु तुरु! एकेका बाळाला उचललं. एकेका बाळाला बाहेर आणलं, उन्हात ठेवलं. सगळी बाळं होती. सगळी पांढरी होती. मुंगीने ती पुन्हा पुन्हा हुंगून पाहिली.

मुंगीचा राग निघाला होता जायला. खरंच निघाला होता.

पण काका! काका कमरेवर हात ठेवून उभा राहिला. स्कूटरखाली वाकून बघितलं, आणि म्हणाला, "बघा! मी म्हणत होतो ना? कुठे गळतंय ऑइल? एक थेंब नाही!"

काय?

काय म्हणाला?

मुंगी वळली. काकाच्या चपलेवर चढली. तुरु तुरु तुरु. अंगठ्यापाशी गेली, आणि...

कच्च! कच्च!

"आई गं!" काका एका पायावर नाचला. "अगं, काळी मुंगी चावते?"

"चावते!" म्हणाली काकू.

"चावते," म्हणाला बोका. तो शेपटी चाटत बसला होता.

काका पायरीवर बसला. अंगठा चोळला. नटाकडे बघितलं, परातीकडे बघितलं, मुंगीच्या बाळांकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "नट मी विसरलो. परात मी काळी केली. बोक्याला हाड म्हणालो. आणि वर गळत नाही म्हणालो. चुकलं माझं."

"मोठ्याने," म्हणाली मुंगी.

"चुकलं माझं!"

काका आत गेला. मूठभर साखर घेऊन आला. मुंगीच्या दारात ठेवली. पांढरा डोंगरच! "घे सगळी," म्हणाला.

मुंगीने त्यातला एक दाणा उचलला. एकच. "माझा एकच गेला होता," ती म्हणाली, आणि बाळांना घेऊन घरात गेली.

काकूने काकाला जेवायला वाढलं. कणीक मात्र दुसऱ्या परातीत भिजवली. पाना पुन्हा पाटावर जाऊन झोपला. काथ्या मोरीत गेला. बोका सीटवर चढला, आणि कुणी त्याला हाड म्हणालं नाही.

मुंगीचे पाय काळे झाले. पोट काळं झालं. डोकं काळं झालं. मिशांची टोकं तेवढी लाल राहिली. असू देत.

अजूनही दिगूकाका घरीच ऑइल बदलतो. जुनं ऑइल जुन्या बादलीत धरतो. नट लावतो, लगेच पान्याने आवळतो, खाली वाकून बघतो. आणि पायाचा अंगठा पटकन आत ओढून घेतो!

काळी मुंगी चावत नाही. सगळ्यांना माहीत आहे.

पण नट विसरलात, तर चावते!

कर्र कर्र कर्र, आवळला गोष्टीचा नट.