रेवूचे रुसलेले पाय

एक होता राजा. राजाचं आपल्या गोष्टीत फारसं काम नाही, पण राजा नसला की ही शमी हुंकार देत नाही, म्हणून आधी त्याला एका बाजूला बसवून ठेवू. तर या राजाच्या गावात कमळजाबाई नावाच्या गुरुबाई होत्या. त्यांच्याकडे मुली नाच शिकायच्या, मुलगे गाणं शिकायचे. त्या मुलींमधली एक होती रेवू.

रेवू म्हणजे नाचाची वेडी, बरं का. त्या गावात दर चैत्रात देवीची जत्रा भरायची. पालखी उचलायच्या आधी गुरुबाईंची एक शिष्या पालखीपुढे नाचायची. हा मान जन्मात एकदाच मिळायचा. त्या वर्षी गुरुबाईंनी रेवूचं नाव घेतलं आणि झालं, पोरीला दुसरं काही सुचेना.

मग काय, उठली की ता थै, दुपारी ता थै, दिवे लागले तरी ता थै. आईनं भाकरी वाढली की दोन घास खायची आणि पळायची. तहान लागली तरी पाणी प्यायला थांबायची नाही. झोपताना घुंगरू सोडायचासुद्धा कंटाळा, तशीच आडवी व्हायची. गुरुबाई सांगायच्या, अगं, पायांना तेल लाव, जरा पड. ही नुसती हो हो म्हणायची. एक मात्र होतं. नाचायच्या आधी जमिनीला हात लावून नमस्कार करायला ती कधी चुकली नाही. शमे, तुझ्या क्लासच्या बाई करायला लावतात ना, तोच नमस्कार. धरणीमाते, तुझ्यावर पाय आपटते, माफ कर, असं रोज म्हणायची.

आणि एकदा काय झालं, नेमकी जत्रेच्या दिवशी सकाळी रेवू उठायला गेली, तर पाय जागेवर नाहीत. घाबरू नका रे, रक्तबिक्त काही नाही. डब्याचं झाकण निघावं तसे अलगद निघाले होते. बाहेर छुम छुम वाजत होतं. बघते तर दोन्ही पाय घुंगरांसकट अंगणातून चाललेले.

रेवूला रडूच कोसळलं. संध्याकाळी पालखी निघणार, आणि हिला पाय नाहीत. आईनं भाकरी बांधून दिली, गुरुबाईंनी तिला उचलून आपल्या म्हशीवर बसवलं आणि सांगितलं, पाय तुझे आहेत, तूच समजूत काढून आण. निघाली म्हैस डुलत डुलत. हसताय काय? घोडे सगळे राजाकडे होते.

आधी लागला तेलाचा घाणा. पाय तिथे ओट्यावर ऐटीत पसरलेले. तेलीणकाकू कोमट तेल लावून तळवे चोळत होत्या, एकेक बोट ओढत होत्या. रेवूनं हुकूम सोडला, चला मुकाट्यानं घरी. पायांनी टाच झटकली आणि पळाले.

मग लागली नदी. पाय काठाशी गार पाण्यात बुडून बसलेले, मासे गुदगुल्या करत होते. या वेळी रेवूनं लालूच दाखवली, चांदीचे वाळे घालीन म्हणाली. पायांनी तिच्या तोंडावर पाणी उडवलं आणि पुन्हा पळाले. म्हैस तर पाण्यात फतकल मारून बसली. तेव्हा कुठे रेवूला कळलं की आपल्यालाही तहान लागलीय. ओंजळी भरभरून पाणी प्यायली, भाकरी सगळी खाल्ली. किती दिवसांनी पोटभर जेवली बिचारी.

मग लागली आमराई. तिथे झाडाखाली पाय एकमेकांवर टाकून गाढ झोपले होते. ऊन उतरायला लागलं होतं. लांब देवळात ढोल सुरू झाला. आता पाय पटकन उचलून लावले असते तर रेवू वेळेवर पोचली असती. ती म्हशीवरून खाली सरकली, हात पुढे केला, आणि थांबली. टाचांना भेगा पडलेल्या. घुंगरांच्या दोरीनं घोट्याला वळ उठलेले. आपलेच पाय, पण इतक्या जवळून तिनं ते कधी पाहिलेच नव्हते. तिला फार फार वाईट वाटलं.

एक अंगठा हलला. झोपेतच हळू आवाज आला, “जमिनीची रोज माफी मागतेस. आमची कधी मागितलीस?”

ढोल तर जोरात वाजत होता. तिनं अगदी हळू घुंगरू सोडले, पायांवर आपली ओढणी घातली आणि म्हणाली, “चुकलं माझं. झोपा तुम्ही. मान गेला तर गेला.”

असं म्हणाली खरी, पण डोळ्यांतलं पाणी थांबेना. रडता रडता ती म्हशीच्या पाठीला टेकली आणि तिलाही झोप लागली.

इकडे देवळात भोई पालखी उचलायला गेले, तर पालखी जड झाली. आणखी माणसं लागली, तरी हलेना. बायका म्हणाल्या, देवी कुणाची तरी वाट बघतेय. राजा बाजूला जांभया देत उभा. बघा, राजाला शेवटी काम मिळालं.

तेवढ्यात रेवूला जाग आली. पाय आपल्या जागी, छान ऊबदार आणि हलके. ती तडक देवळात आली, मागून म्हैस. जमिनीला हात लावला, मग आपल्या पायांना लावला, घुंगरू बांधले आणि नाचली. अशी नाचली की भोयांनी खांदा दिला तर पालखी फुलांच्या परडीसारखी वर आली.

राजानं उशिराचं कारण विचारलं. ती म्हणाली, “महाराज, माझे पाय झोपले होते. मग मीही झोपले.” राजाची जत्रेच्या गडबडीत झोप झालीच नव्हती. तो म्हणाला, भाग्यवान आहेस.

तेव्हापासून गुरुबाईंकडच्या मुली जमिनीनंतर आपल्या पायांनाही नमस्कार करतात. गाणाऱ्या मुलांनीही धसका घेतला. उद्या आपला गळा उठून चालायला लागला तर म्हशीवरून कुठे कुठे हिंडायचं? ओरडणं, कच्च्या चिंचा खाणं सगळं सोडून कोमट पाणी प्यायला लागली. रेवू सुखात राहिली, तिचे पाय सुखात राहिले, म्हैसही राहिली.

आता पांघरुणात हात घाला आणि आपापले पाय आहेत का बघा. आहेत ना? दिवसभर उड्या मारून दमलेत ते. झोपू द्या त्यांना, आणि तुम्हीही झोपा.