विमानाच्या पायघड्या

"हिला हद्दपार करा! नाहीतर उद्यापासून आमचा गहू बंद!"

पश्चिमेच्या सम्राटाचा राजदूत भर दरबारात ओरडला. समोर येसू परटीण उभी होती आणि तिच्या शेजारी शिपाई पुरावा म्हणून एक ओली चादर धरून उभा होता.

"झालं काय?" उंबरगडच्या महाराजांनी विचारलं.

"आमच्या सम्राटांनी तुम्हाला धावपट्टी भेट दिली. विमानासाठी! ही बाई तिच्यावर धुणी वाळत घालते!"

"येसू, खरं का हे?"

"खरं हाय महाराज. वरीस झालं, इमान काय त्या पट्टीवर येईना. जागा मोकळी, गुळगुळीत, धूळ न्हाई. चादरी झकास वाळत्यात."

तिचं काही खोटं नव्हतं. धावपट्टी पश्चिमेने दिली होती, विमान पूर्वेच्या बादशहाने. ते सुटं करून बैलगाड्यांतून आलं आणि छपराखाली जोडून ठेवलं गेलं. पूर्वेची अट अशी, की विमानाचं चाक पश्चिमेच्या कुठल्याही वस्तूला लागता कामा नये. पश्चिमेची अट अशी, की पट्टीला पूर्वेचं चाक लागता कामा नये. महाराजांनी दोन्ही अटी हसतमुखाने मान्य केल्या होत्या, कारण त्या वेगवेगळ्या दिवशी आल्या होत्या. मग राज्याने विमानखातं काढलं. त्यात पंखांना एक अधिकारी होता, शेपटीला एक, आणि विमान अजून उडालं नाही याची दखल घ्यायला एक.

एवढ्यात पूर्वेचा राजदूतही उठला. "सोमवारी आमच्या बादशहांचा वाढदिवस आहे. त्या दिवशी विमान उडालं नाही, तर आमचं तेल बंद!"

एकीकडे गहू, दुसरीकडे तेल! महाराजांचं डोकं भणाणलं आणि राग निघाला तो येसूवर.

"तुला पट्टीची एवढी माहिती ना? मग सोमवारी तिच्यावरून विमान उडवून दाखव आणि उतरवूनही दाखव. पण चाक पट्टीला लागता कामा नये! जमलं तर गुन्हा माफ. नाही जमलं तर बिऱ्हाड उचल आणि राज्याबाहेर चालती हो!"

विमानमंत्र्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. वर्षभर त्यांच्या गळ्यात असलेलं लोढणं आज दुसऱ्याच्या गळ्यात पडलं होतं.

येसूला मात्र प्रश्न पडला. नदीकाठची खोपटी, धुण्याचा दगड, पिढ्यान्‌पिढ्यांची गिऱ्हाइकं, सगळं सोडून जायचं कुठे? तिने शिपायाच्या हातातली ओली चादर निरखली. मग म्हणाली, "महाराज, वाड्यातली सगळी जाजमं मिळतील का?"

"कशाला?"

"धुवायला."

दरबारात कुणाला काही सुचत नव्हतं, म्हणून जाजमं मिळाली.

सोमवारी सगळा उंबरगड माळावर लोटला. बघतात तर काय, धावपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत ओल्या जाजमांनी झाकलेली! विमानाचं छप्पर पट्टीला लागूनच होतं, तिथपर्यंत जाजमं गेली होती.

"हे काय?" दोन्ही राजदूत एकदमच म्हणाले.

"पायघड्या," येसू म्हणाली. "आमच्यात लग्नाला वरपक्षाची विहीणबाई आली, की तिचा पाय भुईला लागू देत न्हाईत. परीट कापड हातरतो, ती वरनं चालती. पट्टीला चाक लागत न्हाई आन् चाकाला पट्टी. मधी जाजम महाराजांचं!"

"लग्न कुणाचं आहे?" विमानमंत्र्यांनी दबक्या आवाजात विचारलं. त्यांच्याकडे तसा काही हुकूम आला नव्हता.

"आणि ओली का?" महाराजांनी विचारलं.

"वाळली असती तर इमानाआधी तीच उडाली असती!"

वर्षभर बसून पगार घेतलेला वैमानिक देवाचं नाव घेऊन चढला. विमान पाणी उडवत धावलं, उठलं, गडाला वळसा घालून परत जाजमांवर उतरलं. विमानखातं नखशिखांत भिजलं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

पण राजदूत कसले गप्प बसतात!

"पायघड्या आमच्या विमानासाठी घातल्या," पूर्वेचा म्हणाला. "म्हणजे वरपक्ष आम्ही!"

"घातल्या आमच्या पट्टीवर!" पश्चिमेचा कडाडला. "वरपक्ष आम्ही, तुम्ही मुलीकडचे! महाराज, निवाडा करा!"

महाराजांना दरदरून घाम फुटला. एकाला वरपक्ष म्हणावं तर दुसरा रुसणार.

"येसू," ते घाईघाईने म्हणाले, "लग्न तू काढलंस, तूच निस्तर! यातला एक जरी रुसला, तरी तुझी हद्दपारी ठरलेली!"

"त्यात काय महाराज!" येसूने पदर खोचला. "पायघड्या झाल्या, की वरपक्ष परटिणीला लुगडं देतो. मुलीकडचे देत न्हाईत. लुगडं जो दील, त्यो वरपक्ष!"

पश्चिमेच्या राजदूताने तिथल्या तिथे रेशमी लुगडं मागवलं. ते बघून पूर्वेच्याने जरीचं मागवलं. मग पश्चिमेच्याने आणखी एक. लुगड्यांच्या ढिगामागे येसू दिसेनाशी झाली.

"दोघं बी वरपक्ष!" ढिगामागून आवाज आला. दोन्ही राजदूतांच्या माना ताठ झाल्या आणि दोघंही प्रसन्न दिसू लागले.

महाराज विचारात पडले. "अगं, एका लग्नात दोन वरपक्ष? मग मुलीकडचं कोण?"

येसूने लुगडी बाजूला ठेवली आणि हात जोडले. "महाराज, पट्टी आली तवा कोण वाकलं? इमान आलं तवा कोण वाकलं? आज जाजमं कुणाची भिजली आन् घाम कुणाला फुटला? मुलीचा बाप तुमीच की!"

विमानमंत्र्यांनी डोळे मिटून घेतले.

आणि महाराज हसले! असे हसले की फेटा सुटून खांद्यावर आला. दोन्ही राजदूतांनाही, आपण वरपक्ष आहोत म्हणून, हसावं लागलं.

"बरं बाई," महाराज डोळे पुसत म्हणाले, "मुलीच्या बापाने परटिणीला काय द्यायची रीत आहे?"

"रीत काय बी न्हाई, महाराज. गावात ऱ्हाऊ दिलं तरी लई झालं."

"गावात कशाला? नदीकाठचा सगळा माळ तुला इनाम!" महाराजांनी सुटलेला फेटा काढून येसूच्या हातात दिला. "आणि हा आधी धुऊन दे. घामाने पार भिजलाय!"