मल्लूशेटाचे पोपट

“सगुणे, आजपासून मोरपंखी रंग आमचा! उतरव तो हंडा चुलीवरून!” मल्लूशेट दारातूनच गरजला.

सगुणा रंगारणीच्या हातातलं ओलं लुगडं हातातच राहिलं. “तुमचा? तो कसा काय, शेटजी? माझ्या आईनं शिकवलाय मला!”

“शिकवला असेल. पण तू तो आमच्या ओसरीवर बोललीस ना?”

आता ही ओसरी काय प्रकरण होतं ते ऐका. रांजणनगरीत मल्लूशेटानं घरापुढे ऐसपैस ओसरी बांधली होती. बसायला गाद्या, झुलायला झोपाळे, प्यायला वाळ्याचं गार पाणी, आणि सगळं फुकट! मग काय विचारता? अख्खं गाव तिथे लोटायचं. कोणाची सून रुसली, कोणाची म्हैस आटली, कोणी आमटीला कसली फोडणी दिली, सगळं तिथेच. आढ्याला टांगलेल्या पिंजऱ्यांकडे मात्र कोणी बघायचं नाही. त्यांत होते पोपट, ऐकलेलं सगळं पाठ करणारे! गाव पांगलं की शेट पेरूची फोड दाखवून एकेकाला बोलतं करायचा आणि ऐकलेलं व्यापाऱ्यांना विकायचा. म्हणून तर सकाळी ओसरीवर ‘हळद संपली’ म्हणावं आणि दुपारी हळदवाला दारात हजर! लोकांना वाटायचं, काय आपलं नशीब!

सगुणानं जावेला मोरपंखीची कृती तिथेच सांगितली होती. आधी निळीत बुडवायचं, मग तुरटी घातलेल्या डाळिंबाच्या सालीच्या पाण्यात. पोपटानं ऐकलं, शेटानं ते परगावच्या रंगाऱ्याला विकलं आणि वर सगुणालाच रंगाची बंदी! तिचं घर त्या एका रंगावर चालायचं. ती तडक राजाकडे गेली.

राजा भद्रकेतू मनानं चांगला, पण हट्टी असा की एकदा तोंडातून निघालं की निघालं. आणि त्याचा फेटा! एवढा मोठा फेटा साऱ्या मुलखात नव्हता. त्या फेट्याच्या आत काय आहे, किंबहुना काय नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण बोलायची छाती कोणाची?

“महाराज, ओसरी माझी, गाद्या माझ्या, पोपट माझे,” राजानं बोलावून घेतलेला शेट म्हणाला. “मग पोपटाच्या तोंडातलं बोलणं कोणाचं?”

“बिनतोड!” राजा म्हणाला. “बाई, कृती तुझी असेल तर पोपटाच्या घशातून काढून घेऊन जा. पण पक्ष्याचं पीसही हलता कामा नये! पुढच्या बाजारापर्यंत जमलं नाही, तर रंग शेटाचा.”

“अहो महाराज, बोललेलं घशातून कसं निघणार?”

“ते तू बघ! आम्ही बोललो ते बोललो.”

सगुणा रडतच घराकडे निघाली. अर्ध्या वाटेत तिनं मागे वळून पाहिलं. गच्चीवर राजा फिरत होता. म्हणजे राजा दिसत नव्हता, फेटा दिसत होता. आणि काय झालं कोणास ठाऊक, तिला रडता रडता हसू फुटलं.

दुसऱ्या दिवसापासून ती ओसरीवर येऊ लागली. टोपलीत हिरव्या मिरच्या आणि मिरच्यांखाली नवऱ्याचा लग्नातला फेटा! पिंजऱ्याशी जायची, फेटा दाखवायची, काहीतरी कुजबुजायची आणि मिरची द्यायची.

“काय गं, आता पोपटांशी गप्पा?” शेटानं खिजवलं.

“काय करणार? हातचं काम तर तुम्ही काढून घेतलंत.”

“बोल, बोल! जितकं बोलशील तितकं आमचंच!”

“नक्की ना? मागाहून शब्द फिरवाल.”

“या सगळ्यांदेखत सांगतो, या पिंजऱ्यांतला शब्द न् शब्द माझा!”

बाजाराच्या दिवशी दरबार खच्चून भरला. सगुणाच्या विनंतीवरून सगळे पिंजरे आणून टांगले होते. चोपदारानं ललकारी दिली, राजा आला आणि पोपटांना दिसला फेटा!

“राजाचा फेटा डौलदार, आत टक्कल गार!” सगळे पोपट एका सुरात ओरडले.

अरे बाप रे! अख्खा दरबार आपापल्या पायांकडे बघू लागला. राजाचे कान लाल झाले.

“कोणाचे शब्द हे?”

“पोपटांच्या तोंडातले, महाराज,” सगुणा म्हणाली. “म्हणजे शेटजींचेच! शब्द न् शब्द माझा, असं सगळ्यांदेखत म्हणालेत ते.”

शेटानं लोटांगणच घातलं. “नाही हो महाराज! पोपट बापडा ऐकलेलं बोलतो. जो बोलला त्याचा शब्द! माझा नुसता पिंजरा!”

“ऐकलंत, महाराज?” सगुणानं टाळी वाजवली. “जो बोलला त्याचा शब्द! निघाली माझी कृती घशातून, आणि पीसही हललं नाही!”

राजाच्या मिशा थरथरल्या. हसूनच असाव्यात, पण तो म्हणाला, “थांब! मग फेट्याचे ते शब्द कोणाचे?”

सगुणा सरळ राजापुढे येऊन उभी राहिली. आता माघार कसली?

“माझे, महाराज. आणि माझे आहेत म्हणूनच मला परत घेता येतात. हे बघा, घेतले परत! शेटजींचे असते तर एव्हाना त्यांनी शेजारच्या राजाला विकले असते!”

राजा असा खदखदून हसला की फेटा डोळ्यांवर आला. “रंग तुझा, बाई! शेट, आजपासून ज्याचं बोलणं त्याला विचारल्याशिवाय विकायचं नाही. उघडा ते पिंजरे! आणि यापुढे दरबारातला प्रत्येक फेटा मोरपंखी, तोही सगुणाच्याच हंड्यातला!”

पिंजरे उघडले. पोपट भर्रकन खिडकीतून उडाले आणि भर बाजारावरून ओरडत गेले, “राजाचा फेटा डौलदार, आत टक्कल गार!”

“अगं, तू परत घेतलं होतंस ना?”

“मी घेतलं होतं, महाराज. पण पिंजरे तुम्ही उघडलेत. आता ते साऱ्या मुलखाचं झालं!”

राजा पोट धरधरून हसला. मग डोळे पुसत त्यानं फेटा उतरवला आणि तिच्या हातात दिला. “मग आता झाकून काय उपयोग? ने, पहिला हाच रंगव!”