भिंतीकडं तोंड

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी तिथंच उभा होतो. म्हणजे उभा नव्हतो, बसलो होतो. आणि तिथं म्हणजे दोन गल्ल्या पलीकडं. पण माझे कान तिखट आहेत.

तर...

“घर सोडू का कॉलेज, उस्ताद?”

विचारणारी वैजयंता चोथे. वय चौतीस. विट्याच्या दस्तगीर उस्तादांच्या हाताखाली यंत्रमाग शिकली आणि एकटीनं चार माग सांभाळणारी त्या गल्लीतली पहिली बाई झाली. ते ती कुणाला विसरूही देत नसे. आता सकाळी बी.ए.चं शेवटचं वर्ष, दुपारी माग, संध्याकाळी चूल. हातात परीक्षेचा कोरा फॉर्म. सोमवारी शेवटची तारीख.

उस्ताद आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात सुताची कांडी भरत होते. चारही माग धडधडत होते. त्या कारखान्याच्या शेजारच्या म्हशीसुद्धा एकमेकींशी खुणांनी बोलतात, इतका आवाज.

“झालं काय?” उस्ताद ओरडले.

“काय नाही झालं ते विचारा! सासूबाई म्हणतात, भाकऱ्या करपतात. नवरा म्हणतो, पुस्तकाशीच लगीन लावायचं होतंस. काल सरांनी भर वर्गात सुनावलं, झोपा काढायला घर आहे की बाई तुम्हाला. छातीत नुसतं धडधडतंय, उस्ताद.”

“तुझ्या का मागाच्या?”

ती हसली नाही.

“चार माग सांभाळायला तुम्हीच शिकवलंत ना? मग चार माणसं का सांभाळत नाहीत मला?”

“तीनच सांगितलीस.”

“आँ?”

“सासू, नवरा, मास्तर. चौथं कोण?”

“ईश्वरी. पण तिचं काही नाही हो!” वैजयंताचा आवाज पहिल्यांदा सैल झाला. “नऊ वर्षांची पोर, पण म्हातारीसारखी शहाणी. आधी मी पुस्तक उघडलं की पदर ओढायची, हे दे, ते दे. आता महिना झाला, हट्ट नाही, हाक नाही. वेणीसुद्धा आपली आपण घालते. तिच्या जिवावर तर चाललंय माझं.”

“आत्ता कुठाय?”

“घरीच. शनिवारची सकाळची शाळा. बसली असेल गप.”

उस्तादांनी धोटा खाली ठेवला.

“भिंतीकडं तोंड कर.”

वैजयंता चमकली. नव्या माणसाला उस्ताद पहिले पंधरा दिवस तसंच उभं करत. मागाला हात लावू देत नसत. पाठ मागांकडं, डोळे मिटलेले.

“मी काय आज शिकायला आलेय? चार माग चालवते मी!”

“कर.”

ती वळली. डोळे मिटले. कपाळावर आठी.

पाठीमागं धडधड... धडधड... धडधड...

“कुठला?”

“तिसरा थांबला,” ती ताडकन म्हणाली. “आडवा धागा तुटला असणार.”

“न बघता कसं कळलं? काय आवाज आला?”

“आवाज कुठला? गेला, म्हणून तर...”

...

ती भिंतीकडंच तोंड करून राहिली. हातातल्या फॉर्मची घडी झाली, मग चोळामोळा.

“धागा जोडायला किती वेळ लागतो?” उस्तादांनी विचारलं.

“मिनिटभर.”

“आणि कळायला?”

ती वळली. चेहरा कापसासारखा पांढरा.

“महिना...” ओठ नुसते हलले. कारखान्यातली माणसं ओठांवरून वाचतात.

“मग सोडते कॉलेज, उस्ताद. फाडून टाकते हा कागद.”

“तिसरा माग थांबला, तर बाकीचे तीन बंद करायला शिकवलं होतं मी तुला?”

...

आता कबूल करतो. हे शेवटचं वाक्य माझं. उस्ताद तसं काही बोललेच नाहीत. त्यांनी तिच्या हातातला फॉर्म काढून घेतला, मांडीवर ठेवून तळव्यानं सरळ केला आणि परत तिच्या हातात दिला. मग ते दाराशी गेले, सत्तर वर्षांची कंबर वाकवली, आणि वैजयंताच्या चपला उचलून रस्त्याकडं तोंड करून ठेवल्या.