भंगाराच्या वाटेवरचा घाट

गाड्यांचे भाग एकमेकांशी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. गणबाने आपल्या प्रवासी जीपला मोठी, रुंद चाकं बसवली आणि नारळ फोडला. जीप ऐटदार दिसू लागली, पण चढावर तिचं इंजिन धापा टाकू लागलं.

“चल की म्हाताऱ्या!” मोठी चाकं हिणवत. “आम्ही एका फेऱ्यात केवढं अंतर कापतो, बघ!”

“कापता खरं, पण तुम्हाला फिरवायचं कोणी? मीच ना?” इंजिन म्हणे.

गणबालाही वाटलं, इंजिन थकलं. त्याने जीप घाटमाथ्यावरच्या भंगारवाल्याला द्यायचं ठरवलं. महागाची नवी चाकं तेवढी घरी काढून ठेवली आणि शेवटच्या फेरीपुरती जुनी, लहान चाकं लावली.

चढ सुरू झाला. इंजिन हळूच म्हणालं, “हा माझा शेवटचा घाट.”

“दादा, आम्ही आहोत ना,” जुनी चाकं म्हणाली. “तू नुसता जोर लाव.”

आणि जीप सुसाट निघाली. वळणामागून वळण मागे पडलं, तरी इंजिनाला धाप लागली नाही. गणबा आधी चकित झाला, मग मोठ्याने हसला.

माथ्यावर भंगारवाला हातोडा घेऊन वाट बघत होता. गणबाने लांबलचक हॉर्न वाजवला, आणि जीप त्याच्यासमोरून तशीच पुढे निघून गेली.